स्लावचा फ्लॅट, कोथरूडचा फ्लॅट आणि उरलेले ६० टक्के

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी लंडनजवळच्या स्लावमध्ये भाड्याने राहतात, भाडं महिन्याला १,५५० पौंड. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न ६१,००० पौंड, शिल्लक २४,००० पौंड, आयएलआर (इंग्लंडमध्ये कायम राहण्याची परवानगी) मिळालेला आहे. जवळच एका नव्या इमारतीत दोन बेडरूमचा ३,४०,००० पौंडांचा फ्लॅट शेअर्ड ओनरशिपवर मिळतोय. ४० टक्के हिस्सा विकत घ्यायचा, उरलेल्या ६० टक्क्यांवर हाउसिंग असोसिएशनला (परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थेला) २.७५ टक्के दराने भाडं द्यायचं, सर्व्हिस चार्ज महिन्याला १९० पौंड. सगळं मिळून आत्ताच्या भाड्यापेक्षा कमी पडतंय, तर घ्यावा का? आणि शेवटी एक ओळ: ‘कोथरूडला एक फ्लॅट माझ्या आणि बाबांच्या नावावर आहे, पण त्याचा इथे काही संबंध नसावा.’

संबंध आहे, आणि मोठा आहे. म्हणून स्लाव नंतर, आधी कोथरूड.

मी इंग्लंडमध्ये मॉर्गेज (गृहकर्ज) सल्लागार म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांत ही ओळ हमखास असते, तीही बहुतेक वेळा शेवटीच. वडिलांनी फ्लॅट घेताना ‘पुढे वारसाचा घोळ नको’ म्हणून मुलाचं नाव करारनाम्यात घातलेलं असतं. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला असतो, सही करतो आणि विसरून जातो. इथला कायदा मात्र विसरत नाही. ‘फर्स्ट टाइम बायर’ ठरायला जगात कुठेही, कधीही घर किंवा घराचा हिस्सा तुमच्या मालकीचा झालेला नसावा लागतो. मग तो विकत घेतलेला असो, बक्षीस मिळालेला असो की आजोबांकडून वारशाने आलेला असो. स्टॅम्प ड्युटीची सवलत आणि लाइफटाइम आयसाचा (पहिल्या घरासाठीच्या बचत खात्याचा) सरकारी बोनस, दोन्हीकडे हीच अट आहे.

म्हणजे तुम्ही स्वतः फर्स्ट टाइम बायर नाही. उद्या कोथरूडचा हिस्सा सोडलात तरी पुन्हा होणार नाही, कारण एकदा मालक झालात की झालात. स्टॅम्प ड्युटीची सवलत मिळायला सगळेच खरेदीदार पहिल्यांदाच घर घेणारे असावे लागतात, त्यामुळे जोडीने घर घेतलं की पत्नीचीही सवलत जाते. लाइफटाइम आयसाचं तसं नाही, ते व्यक्तीगणिक पाहतात. पत्नीच्या नावावर कुठेच घर नसेल आणि तिचं वय ४० च्या आत असेल, तर तिने आजच खातं उघडावं. वर्षाला ४,००० पौंडांपर्यंत भरता येतात आणि त्यावर सरकार २५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १,००० पौंड घालतं. पहिला भरणा केल्यापासून बारा महिने झाल्याशिवाय ते घरासाठी वापरता येत नाहीत, म्हणून ‘आजच’. घर ४,५०,००० पौंडांच्या आतलं हवं. घर न घेता साठीच्या आधी पैसे काढले तर २५ टक्के कापून जातात आणि त्यात स्वतःचेही थोडे पैसे बुडतात, तेवढं ध्यानात ठेवा.

सवलत गेली हे एक वेळ परवडेल. खरा फटका अधिभाराचा आहे. घर घेतल्याच्या दिवशी तुमच्या किंवा तुमच्या जोडीदाराच्या मालकीचा जगात कुठेही दुसऱ्या घरातला ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा हिस्सा असेल, तर स्टॅम्प ड्युटीच्या प्रत्येक टप्प्यावर ५ टक्के जास्त लागतात. हा दर ३१ ऑक्टोबर २०२४ पासूनचा, त्याआधी तो ३ टक्के होता. कोथरूडचा फ्लॅट एक कोटीच्या आसपासचा असेल तर तुमचा निम्मा हिस्सा बरोबर त्या रेषेवर येतो. जरा मोठा फ्लॅट असेल तर रेषेच्या पलीकडेच. १,३६,००० पौंडांच्या हिश्श्यावर हा अधिभार ६,८०० पौंड होतो. साधी स्टॅम्प ड्युटी त्यापुढे किरकोळ, काही शे पौंड.

त्याच्याही आधी पात्रतेचा प्रश्न आहे. शेअर्ड ओनरशिप ही ज्यांना बाजारभावाने पूर्ण घर परवडत नाही त्यांच्यासाठीची योजना आहे. घराचं एकत्रित उत्पन्न लंडनमध्ये ९०,००० आणि लंडनबाहेर ८०,००० पौंडांपर्यंत चालतं. स्लाव लंडनबाहेर धरतात, तुम्ही ६१,००० वर आहात, त्यामुळे उत्पन्नाची अडचण नाही. पण आधीचं घर असेल तर ते विकायला काढलेलं असावं लागतं, आणि हाउसिंग असोसिएशनच्या अर्जात साधारणपणे ‘या देशात किंवा परदेशात’ असं स्पष्ट विचारतात. तिथे ‘नाही’ लिहिण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल, बहुतेक एखाद्या वाढदिवसाच्या पार्टीत. ऐकू नका. तीच माहिती सॉलिसिटर (खरेदीचं कायदेशीर काम पाहणारा वकील) स्टॅम्प ड्युटीच्या रिटर्नसाठी विचारतो, लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक, तुमच्या स्टेटमेंटमध्ये पुण्याच्या सोसायटीचा मेंटेनन्स पाहते, आणि खोटी माहिती देऊन घेतलेलं मॉर्गेज हा गुन्हा आहे.

‘पैसे सगळे बाबांनी भरले, माझं नाव नुसतं सोयीसाठी’ असं असेल तर तुमचा खरा आर्थिक हिस्सा किती हा मुद्दा सॉलिसिटर मांडू शकतो. पण त्यावर विसंबून घर ठरवू नका. सरळ रस्ता म्हणजे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून तुमचा हिस्सा बाबांच्या नावे करणं. कोणतं पत्र लागेल आणि मुद्रांक शुल्क किती, हे पुण्यातल्या वकिलाला विचारा. मुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते इथून साक्षांकित करून घ्यायला वेळ लागतो. आणि हे करण्याआधी घरात नीट बोला. भाऊ-बहीण असतील तर त्यांच्यासमोर बोला. स्लावच्या ४० टक्क्यांसाठी कोथरूडचे ५० टक्के सोडणं हा व्यवहार कागदावर वाटतो तितका एकतर्फी फायद्याचा नाही. बाबा तयार असतील तर तो फ्लॅट विकून तुमचा वाटा इकडे आणणं हाही मार्ग आहे. तो तुम्हीच ठरवायचा.

आता स्लाव. तुमचा हिशेब मी पुन्हा मांडतो. ४० टक्के म्हणजे १,३६,००० पौंड. १० टक्के डिपॉझिट १३,६००, मॉर्गेज १,२२,४००. ५ टक्के व्याजाने ३० वर्षांसाठी हप्ता ६५७ पौंड. उरलेल्या २,०४,००० पौंडांवर २.७५ टक्क्यांनी वर्षाचं भाडं ५,६१०, म्हणजे महिन्याला साधारण ४६८. वर १९० सर्व्हिस चार्ज. एकूण १,३१५. आत्ताच्या भाड्यापेक्षा सव्वादोनशेहून जास्त पौंड कमी. जाहिरातीत हाच आकडा असतो आणि तो खोटा नाही.

तो कमी का दिसतो तेवढं पाहा. मॉर्गेजवर तुम्ही ५ टक्के देताय आणि हाउसिंग असोसिएशनच्या हिश्श्यावर २.७५. दुसऱ्याच्या पैशांवर तुम्ही जवळपास निम्म्या दराने राहताय, म्हणून महिना हलका जातो. हे सरकारी मदतीचं खरं रूप. तुमच्या हातात रोख काही येत नाही. सरकारी अनुदानावर हाउसिंग असोसिएशन घर बांधते आणि न विकलेल्या हिश्श्यावर बाजारापेक्षा कमी भाडं घेते. पण मॉर्गेजचा हप्ता व्याजदरानुसार वरखाली झाला तरी मुद्दल घटत जातं आणि एक दिवस कर्ज संपतं. भाडं दरवर्षी वाढतं आणि संपत नाही. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या नव्या लीजमध्ये (हाउसिंग असोसिएशनबरोबरच्या दीर्घ मुदतीच्या करारात) वाढ सीपीआय, म्हणजे महागाईचा दर, अधिक १ टक्का अशी असते. महागाई २ टक्क्यांवर राहिली असं धरलं तर दहा वर्षांनी तुमचं ४६८ चं भाडं ६२८ होईल. साधारण विसाव्या वर्षी ते मूळ रकमेच्या ५ टक्क्यांना गाठेल, म्हणजे सुरुवातीची स्वस्ताई तिथे संपली. आणि तिसाव्या वर्षी, मॉर्गेजचा शेवटचा हप्ता भरून मोकळे व्हाल त्या महिन्यात, भाडं असेल १,१३५ पौंड. आजच्या पैशात सुमारे सव्वासहाशे. तेव्हा तुम्ही पेन्शनच्या उंबरठ्यावर असाल.

जुन्या लीजमध्ये सूत्र आरपीआय (महागाईचं दुसरं, जुनं माप) अधिक अर्धा टक्का असं असे. सप्टेंबर २०२२ चा आरपीआय १२.६ टक्के होता. म्हणजे करारानुसार त्या वर्षीची वाढ १३.१ टक्के. अनेक हाउसिंग असोसिएशननी ती स्वतःहून ७ टक्क्यांवर थांबवली, पण ती त्यांची मेहेरबानी होती, तुमचा हक्क नव्हता. म्हणून ब्रोशरमधलं ‘परवडणारं’ हे विशेषण बाजूला ठेवा आणि लीजमधलं भाडेवाढीचं कलम शोधा. दोन ओळींचं असतं.

यावर उपाय म्हणून स्टेअरकेसिंग सांगितलं जातं: जमेल तसा हिस्सा वाढवत न्या, भाडं घटत जाईल. नव्या लीजमध्ये पहिली १५ वर्षं दरवर्षी १ टक्का घेण्याची सोय आहे. त्यासाठी सर्व्हेयर लागत नाही, किंमत घरांच्या किमतीच्या निर्देशांकावरून काढतात आणि त्याला हाउसिंग असोसिएशनची फी नाही. ऐकायला छान आहे. आता आकडा घाला. तुमच्या फ्लॅटचा १ टक्का म्हणजे ३,४०० पौंड. त्याने महिन्याचं भाडं घटतं पावणेआठ पौंडांनी. तेच ३,४०० मॉर्गेजमध्ये जादा भरलेत तर ५ टक्क्यांनी वर्षाचं १७० पौंड व्याज वाचतं, म्हणजे महिन्याला चौदा. १ टक्का घेण्यात फायदा नाही असं मी म्हणत नाही. घराची किंमत वाढली तर त्या टक्क्याची वाढ तुमची आणि भविष्यातल्या भाडेवाढीतून तेवढा भाग सुटला. पण ‘दरवर्षी एक-एक टक्का घेत घर आपलं होईल’ हा हिशेब स्वतःला सांगू नका. पंधरा वर्षांनी तुम्ही ५५ टक्क्यांवर असाल.

खरं स्टेअरकेसिंग मोठ्या उडीत होतं आणि ते त्या दिवशीच्या बाजारभावाने होतं, आजच्या नव्हे. आज २० टक्के म्हणजे ६८,००० पौंड. फ्लॅट चार लाखांवर गेला तर तेच ८०,०००. शिवाय दर वेळी आरआयसीएस (सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेच्या) सर्व्हेयरचं मूल्यांकन, सॉलिसिटर, कधी लेंडरची फी. म्हणून माझा सल्ला असा असतो की फिक्स्ड डील (काही वर्षांचा ठरलेला व्याजदर) संपून रीमॉर्गेज, म्हणजे नवं कर्ज, करताना, पगार वाढलेला असताना, एक किंवा दोन उड्यांत पूर्ण करा. त्याचा विचारच होऊ शकत नसेल, पगार फारसा वाढणार नाही हे दिसत असेल, तर शेअर्ड ओनरशिप तुमच्यासाठी कायमची व्यवस्था आहे असं धरूनच आकडे तपासा. काही ग्रामीण संरक्षित भागांत तर ८० टक्क्यांच्या वर जाताच येत नाही. स्लावला हा प्रश्न नाही, पण कोणी स्वस्त म्हणून लांबच्या खेड्यातलं घर पाहत असेल तर विचारून घ्या.

स्टॅम्प ड्युटीचा या उड्यांशी संबंध आहे. सुरुवातीलाच पूर्ण किमतीवर ड्युटी भरून मोकळं होता येतं, किंवा फक्त घेतलेल्या हिश्श्यावर भरता येते. दुसऱ्या पर्यायात मालकी ८० टक्क्यांच्या वर जाईपर्यंत पुढे काही भरावं लागत नाही. तुम्हाला सवलत नसल्याने पूर्ण किमतीवर आज ७,००० पौंड पडतील (अधिभार धरलेला नाही). तुमच्या शिलकीत दुसरा पर्यायच सोयीने बसतो.

आता लीज, म्हणजे ज्या कागदावर बहुतेक जण फक्त सही करतात. शेअर्ड ओनर कायद्याच्या दृष्टीने लीजधारक असतो, आणि शंभर टक्के होईपर्यंत भाडेकरूही. याची झळ किती बसू शकते हे २००७ च्या एका खटल्यात दिसलं. निम्मा हिस्सा विकत घेतलेल्या एका महिलेचं भाडं थकलं. कोर्टाने तिला भाडेकरूच मानलं, घराचा ताबा मालक संस्थेला दिला आणि घातलेल्या पैशांवर तिचा कायदेशीर हक्क उरला नाही. २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टने २१ वर्षांहून जास्त मुदतीच्या लीज त्या भाडेकरू कायद्यातूनच बाहेर काढल्या आहेत, त्यामुळे तो विशिष्ट सापळा आता उरत नाही. पण लीज मोडल्यास ती रद्द करवण्याचा मालकाचा अधिकार वेगळा असतो आणि तो आहेच. भाडं थकायची वेळ आली तर मॉर्गेजच्या हप्त्याइतक्याच गांभीर्याने घ्या, आणि पत्र यायच्या आधी स्वतः फोन करा.

सर्व्हिस चार्ज पूर्ण तुमचा. हिस्सा ४० टक्के असला तरी लिफ्ट, जिने, विमा, मॅनेजिंग एजंट यांचा तुमच्या फ्लॅटवर येणारा खर्च शंभर टक्के तुम्हीच द्यायचा. १९० हा पहिल्या वर्षाचा अंदाज आहे. नव्या इमारतीत तो पहिल्या दोन-तीन वर्षांत वाढताना मी वारंवार पाहिलाय, कारण अंदाज विक्रीच्या वेळी बांधलेला असतो. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेच्या गृहनिर्माण समितीने शेअर्ड ओनरशिपवर अहवाल दिला. त्यात वाढतं भाडं, सर्व्हिस चार्ज आणि गुंतागुंतीच्या लीज यांवरच बोट ठेवलं होतं. त्याच असोसिएशनच्या दुसऱ्या इमारतीत राहणाऱ्या एखाद्याला त्याचे मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब दाखवायला सांगा. त्याच मॅनेजिंग एजंटची इमारत असेल तर उत्तम.

दुरुस्तीच्या बाबतीत नवी लीज जुनीपेक्षा कितीतरी बरी. जुन्या पद्धतीत २५ टक्क्यांचा मालकही छताच्या आणि भिंतींच्या दुरुस्तीत पूर्ण वाटा द्यायचा. नव्यात पहिली दहा वर्षं बाहेरची आणि ढाच्याची दुरुस्ती हाउसिंग असोसिएशनकडे असते, आणि घरातल्या पाइप, हीटिंग वगैरेंसाठी वर्षाला ५०० पौंडांपर्यंत मागता येतात. लीज ९९० वर्षांची असते. जुन्या ९९ किंवा १२५ वर्षांच्या असायच्या आणि ८० च्या खाली गेल्या की विकणं आणि मॉर्गेज मिळणं दोन्ही अवघड होतं. तुमचा फ्लॅट नव्या पद्धतीच्या लीजवर आहे का हे गृहीत धरू नका. इमारत नवी आणि लीज जुन्या नमुन्याची, असंही होतं. रिझर्व्हेशनच्या आधी मिळणाऱ्या की इन्फर्मेशन डॉक्युमेंटमध्ये ते लिहिलेलं असतं. तेच कागद जेवणाच्या टेबलावर घेऊन बसा, शो-फ्लॅटच्या फोटोंपेक्षा जास्त वेळ.

इमारत उंच असेल तर आणखी एक. जून २०१७ मधल्या लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर बाहेरच्या आवरणाच्या सुरक्षिततेची कागदपत्रं नसल्याने हजारो फ्लॅट विकताच येईनात, आणि शेअर्ड ओनर त्यात दुप्पट अडकले, कारण भाड्याने देण्याचीही मुभा नव्हती. नव्या इमारतीत हा धोका कमी आहे, रीसेल पाहत असाल तर मात्र सॉलिसिटरला हा प्रश्न पहिल्याच ईमेलमध्ये विचारा.

भाड्याने देता येत नाही, हा मुद्दा आपल्या लोकांना उशिरा कळतो. कंपनीने दोन वर्षांसाठी हैदराबादला पाठवलं, आई आजारी पडली म्हणून सहा महिने पुण्यात राहायचंय, तेव्हा ‘फ्लॅट भाड्याने देऊन हप्ता भागवू’ हा आपला पहिला विचार असतो. शेअर्ड ओनरशिपमध्ये पूर्ण फ्लॅट भाड्याने द्यायला साधारणपणे मनाई असते. अपवाद म्हणून परवानगी मिळते, पण ती मागावी लागते आणि लेंडरचीही लागते. एखादी खोली देऊन तुम्ही तिथेच राहत असाल तर बहुधा चालतं. परत भारतात जाण्याचा विचार मनात कुठेही असेल तर हे कलम तुमच्यासाठी भाडेवाढीच्या कलमाइतकंच महत्त्वाचं.

विकतानाही आधी हाउसिंग असोसिएशनला कळवायचं. गिऱ्हाईक शोधायला त्यांना नव्या लीजमध्ये चार आठवडे मिळतात, जुन्यात आठ. किंमत सर्व्हेयरने ठरवलेली, घेणारा योजनेत बसणारा हवा. त्याच रस्त्यावर नवी इमारत विक्रीला असेल तर तुमचा जुना ४० टक्के हिस्सा चकचकीत स्वयंपाकघराशी स्पर्धा करतो. वेळ लागतो. विकण्याची घाई असलेल्या माणसाला हे घर मानवत नाही.

इतकं ऐकून वाटेल की मी नको म्हणतोय. तसं नाही. तुमच्या आकड्यांत मला एक पर्याय दिसतो जो तुम्ही विचारलाच नाही, म्हणून हे सगळं. उत्पन्नाच्या साडेचार पटीच्या ठोकताळ्याने ६१,००० वर तुम्हाला २,७४,५०० पर्यंत कर्ज मिळू शकतं. ५ टक्के डिपॉझिटवर २,८५,००० पौंडांचं पूर्ण घर त्यात बसतं. कर्ज २,७०,७५० आणि साडेपाच टक्क्यांनी ३० वर्षांसाठी हप्ता साधारण १,५३७. म्हणजे आत्ताच्या भाड्याइतकाच. ५ टक्के डिपॉझिटवर कर्ज देणाऱ्या लेंडरला सरकारी हमी देणारी मॉर्गेज गॅरंटी स्कीम २०२१ मध्ये आली आणि जुलै २०२५ पासून ती कायमस्वरूपी झाली आहे. नव्या इमारतीतला फ्लॅट या पैशांत मिळणार नाही. जुन्या कौन्सिल ब्लॉकमधला (एके काळी पालिकेने बांधलेल्या इमारतीतला), थोडा रंगरंगोटी मागणारा, दोन बेडरूमचा फ्लॅट शोधावा लागेल. पण त्यावर भाडं नाही, लेंडरच्या परवानगीने पुढे तो भाड्याने देता येईल, आणि ६० टक्क्यांच्या बाजारभावामागे धावायचं नाही.

अडचण दोन ठिकाणी. पहिली, नर्सरी. लेंडर तो खर्च उत्पन्नातून वजा करतो आणि साडेचार पट कागदावरच राहते. मुलगी रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्गात) गेली की तुमची कर्जक्षमता वाढते, आणि ती वेळ फार लांब नाही. दुसरी, पुन्हा कोथरूड. २,८५,००० वर तुमची साधी स्टॅम्प ड्युटी ४,२५० पौंड. डिपॉझिटचे १४,२५० धरून १८,५००. सॉलिसिटर आणि सर्व्हे धरला तरी २४,००० त कसंबसं बसतं. अधिभार लागला तर आणखी १४,२५०, आणि खेळ संपला. पुण्याचा कागद निकाली निघाल्याशिवाय पूर्ण घराचा पर्याय तुम्हाला नाहीच.

काही लेंडर कर्ज दोघांच्या उत्पन्नावर देतात आणि घर एकाच्याच नावावर करू देतात. अधिभाराचा प्रश्न मिटल्यावर घर फक्त पत्नीच्या नावे झालं तर पहिल्या खरेदीची सवलत मिळू शकते आणि ते ४,२५० वाचतात. पण तुमचं नाव घरावर राहणार नाही, आणि कर्जाला मात्र तुम्ही बांधील. सॉलिसिटरशी स्पष्ट बोलल्याशिवाय याला हात लावू नका.

बाकीच्या योजना पटकन. हेल्प टू बाय इक्विटी लोन, ज्याबद्दल तुमच्या मित्राने सांगितलं असेल, ते इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून नव्या अर्जांना बंद आहे. फर्स्ट होम्समध्ये किमान ३० टक्के सूट मिळते, पण ती पहिल्यांदा घर घेणाऱ्यांनाच, त्यामुळे तुमच्यासाठी नाही. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या योजना वेगळ्या. बेलफास्टला कोणी असेल तर तिथल्या को-ओनरशिप या अशाच योजनेत ५० ते ९० टक्के हिस्सा घेऊन सुरुवात करता येते. २०२६ ते २०३६ साठी ३९ अब्ज पौंडांचा नवा गृहनिर्माण कार्यक्रम जाहीर झालाय. त्यातली किमान ६० टक्के घरं सोशल रेंटची, म्हणजे कमी भाड्याने देण्याची, करण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे. शेअर्ड ओनरशिप उरलेल्यात येते, म्हणजे ती बंद होत नाही. हा फ्लॅट गेला तर दुसरा येईल. सेल्स ऑफिसमधल्या ‘दोनच शिल्लक’ला एवढं घाबरायचं कारण नाही.

आयएलआर नसलेल्या वाचकांसाठी एक वाक्य: व्हिसावर असाल तर लेंडर कमी मिळतात आणि डिपॉझिट जास्त मागतात, म्हणून फ्लॅट पाहण्याआधी लेंडर पक्का करा.

तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात पत्नीचं लाइफटाइम आयसा. मग बाबांशी बोलणं आणि पुण्यातल्या नोंदणीकृत मूल्यांककाकडून फ्लॅटच्या तुमच्या हिश्श्याचं लेखी मूल्यांकन, कारण ते ४०,००० पौंडांच्या आत आलं तर अधिभार लागतच नाही. हाउसिंग असोसिएशनचा ‘परदेशात घर आहे का’ हा प्रश्न तेव्हाही उरतोच, पण पूर्ण घर घेताना तो पात्रतेच्या आड येत नाही. दरम्यान स्लावच्या फ्लॅटचं की इन्फर्मेशन डॉक्युमेंट मागवून त्यातल्या तीन गोष्टी पाहा: भाडेवाढीचं सूत्र, लीजची मुदत आणि दुरुस्तीची दहा वर्षं. तिन्ही नव्या पद्धतीच्या असतील, मुलीच्या शाळेसाठी तोच परिसर हवा असेल आणि पुढच्या सात-आठ वर्षांत पगार वाढून मोठी उडी घेता येईल असं दिसत असेल, तर फ्लॅट वाईट नाही. यातली एक जरी गोष्ट नसेल तर रिझर्व्हेशन फी भरू नका. वर्षभर आहात तिथेच राहा आणि मुलगी शाळेत गेल्यावर २,८५,००० चे जुने फ्लॅट पाहायला लागा.